पाटोद्याचा पाऊस तीन वाटांनी जातो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी नकाशे आणि उपग्रह प्रतिमा वापरून जमिनीचा उठाव, म्हणजे उंच-सखलपणा, शाळेत कसा दाखवता येतो, हे थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर मराठवाड्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून पत्रं आली. बीड जिल्ह्यातल्या शाळांत भूगोल शिकवताना जे हाताखालून गेलं, त्याच्याच आधारे ही उत्तरं देते आहे.

बाई, नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा डोंगरपट्ट्यात आहे. संगणक एकच, तोही कार्यालयात. सहावी ते आठवीच्या मुलांना आपल्या तालुक्याचा उठाव हातानं करून दाखवायचा आहे. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षक, ता. पाटोदा, जि. बीड

सर, संगणक नाही म्हणून अडून बसू नका. उठाव शिकवायला मराठवाड्यात तुमच्या तालुक्यासारखा तालुका नाही, असं माझं ठाम मत आहे. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेलं पाणी तुमच्या भागातून तीन दिशांना पांगतं. उत्तरेच्या उतारावरचं सिंदफणेत उतरतं आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळतं, म्हणजे जिल्ह्याच्या आतच. दक्षिणेला सौताड्याच्या कड्यावरून विंचरणा खाली पडते, जामखेडकडे जाते, पुढे सीनेला मिळते. सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. तिसरी वाट मांजरेची. ती गवळवाडीजवळ उगम पावते. उत्तरेला गंगथडी, म्हणजे गोदावरीचा काठ, जवळ असूनही तिकडे न वळता पूर्वेला निघते, धनेगावच्या धरणातून लातूरला पाणी देते, बीदर जिल्ह्यात शिरते, तेलंगणात निजामसागर भरते, मग उत्तरेला वळून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. ७२४ किलोमीटरचा हा फेरा. पुस्तकातल्या सपाट नकाशावर मुलं ही निळी रेघ गिरवतात, पण ती अशी का गेली हे एकही मूल विचारत नाही. पुठ्ठ्याचे थर रचून उठावाचा नमुना केलात की विचारतील.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाच्या ओपन सिरीज शीट्स पीडीएफ रूपात मोफत मिळतात. जुन्या क्रमांकानुसार तुमचा परिसर ४७ एन या गटात येतो. एक शीट साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच असते. छापून घेताना दुकानदाराला मूळ आकारातच छापायला सांगा. कागदात बसवण्यासाठी त्यानं शीट लहान केली तर प्रमाण बिघडतं. पट्टी लावून बघा: एक किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे.

आता गणित. ते मुलांकडूनच करून घ्या. या शीट्सवर समोच्च रेषांतलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांतलं, उंचीचं अंतर बहुधा २० मीटर असतं. समासात छापलेलं असतं, ते आधी वाचा. १:५०,००० प्रमाणात २० मीटर म्हणजे ०.४ मिलिमीटर. एवढा पातळ पुठ्ठा कापत बसणं शक्य नाही. २ मिलिमीटरचा पुठ्ठा घेतला तर उंची पाचपट वाढते आणि किराण्याच्या खोक्याचा ३ मिलिमीटरचा घेतला तर साडेसातपट. आपल्या भागासाठी पाचपट मला योग्य वाटते. शीटवर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीत ३०० मीटरचा फरक निघाला तर १५ थर लागतील, म्हणजे नमुना ३ सेंटिमीटर उंच होईल. ‘उभी उंची पाचपट वाढवलेली आहे’ हे नमुन्यावर ठळक लिहा. हे लिहिलेलं नसेल तर तो नमुना वर्गात ठेवू नये, असं मी सगळ्या शिक्षकांना सांगत आले आहे. मुलांनी बालाघाट हिमालयाएवढा समजून घरी जाऊ नये.

प्रत्येक रेष कार्बन पेपरनं पुठ्ठ्यावर उतरवायची. दर पाचवी रेष जाड असते, ती १०० मीटरची, आणि तिथून मोजलं की चुकायला होत नाही. सगळ्यात जास्त घोळ ओढ्याच्या खाचेत होतो. ओढा ओलांडताना समोच्च रेषेचं टोक उगमाच्या बाजूला वळतं आणि डोंगराच्या सोंडेवर उताराच्या बाजूला. कात्री हातात देण्याआधी फळ्यावर अशी दहा टोकं काढून मुलांकडून ओळखून घ्या. मग खळ लावून थर चिकटवा, पायऱ्या कागदाच्या लगद्यानं भरा, दोन दिवस वाळू द्या आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात मारा. रंग नीट बसला की पाणी सोडता येतं.

पाणी सोडायला शेतातला फवारणीचा पंप आणू नका, त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली घ्या. पाण्यात थोडी नीळ टाका आणि माथ्यावर एकाच जागी फवारा. पाणी कुठे फुटतं ती रेघ मुलांनी खडूनं ओढायची. तो जलविभाजक. पुस्तकातली व्याख्या त्यानंतर वाचून घ्या, आधी नको.

आणि सर, हे काम दिवाळीच्या आत उरका. दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली कितीतरी मुलं आईबापाच्या कोयत्याबरोबर कारखान्यावर निघून जातात. माथ्यावरची बरड जमीन, पाणी न थांबणारा उतार आणि दरवर्षीची ती गाडी यांचा संबंध त्या मुलांनाच सगळ्यात आधी कळतो. ती वर्गात असतानाच हा नमुना व्हायला हवा.

मॅडम, क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रणालीत जागोजागची उंची साठवलेली फाईल घेतली आणि त्रिमितीय दृश्य उघडलं, तर डोंगरांऐवजी आकाशाला भिडणारे सुळके दिसतात. फाईल खराब आहे का?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड

फाईल चांगली आहे. तिची आडवी मापं अंशांत आहेत आणि उंची मीटरमध्ये. एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. पण संगणक एक अंश आणि एक मीटर सारखेच धरतो, त्यामुळे ४०० मीटरची टेकडी त्याला ४०० अंश उंच वाटते. फाईल आधी यूटीएम प्रक्षेपणात बदलून घ्या, म्हणजे आडवी मापंही मीटरमध्ये येतील. मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग ४३ उत्तर या यूटीएम पट्ट्यात येतो; क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ३२६४३. तुमच्या जिल्ह्याची मात्र गंमत आहे: ७८ अंश पूर्व रेखावृत्त किनवट तालुक्यातून जातं, त्यामुळे किनवट गाव ४४व्या पट्ट्यात पडतं. पूर्ण नांदेड जिल्हा एकत्र दाखवायचा असेल तर सगळं ४३ मध्येच ठेवा. शाळा-कॉलेजच्या कामाला एवढा फरक चालतो.

त्यानंतर क्यूजीआयएस-टू-थ्रीजेएस हे प्लगइन वापरा. त्यातून तयार झालेलं दृश्य ब्राउझरमध्ये उघडतं आणि मुलांना स्वतः फिरवून बघता येतं. थ्रीडी छपाईसाठी डीईएम-टू-थ्रीडी आहे. पण मी छपाईची घाई करणार नाही. आधी पडद्यावर दहा वेळा फिरवून बघा, कोणता भाग छापण्याजोगा आहे ते कळू द्या.

अजिंठ्याच्या वाघूर नदीची घळ मुलांना दाखवायची म्हणून डिसेंबरमधली उपग्रह प्रतिमा मोठी करून भिंतीवर लावली. सगळी मुलं म्हणाली, ‘हा तर डोंगर आहे!’ मलाही तसंच दिसायला लागलं. हे कसं काय?
– शिक्षिका, ता. सोयगाव

ताई, तुमच्या मुलांनी अगदी बरोबर निरीक्षण केलं. हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण उपग्रह प्रतिमा वर्गात वापरणाऱ्या बहुतेकांना हे सांगितलेलंच नसतं.

सेंटिनेल-२ किंवा लँडसॅटसारखे उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावल्या वायव्येकडे पडतात. नकाशात उत्तर वर ठेवली की उजेड खालच्या बाजूनं येतोय असं होतं. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची जन्माची सवय. घळीची सावलीत असलेली बाजू कोणती आणि उजळ बाजू कोणती, हे मेंदू त्या सवयीनं लावतो आणि खोलगट भाग फुगीर दिसायला लागतो. एकदा तसं दिसलं की प्रयत्न करूनही सुटत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चित्र उलटं टांगा, दक्षिण वर. घळ लगेच घळ होईल. मुलांना आधी सरळ, मग उलटं दाखवा आणि सूर्य कुठे होता ते त्यांना शोधायला लावा. सावलीवरून दिशा काढणं हाच तो तास. दुसरा उपाय संगणकावरचा: उंचीच्या फाईलवरून छायांकन, म्हणजे उजेड-सावलीनं उठाव दाखवणारं चित्र, तयार करा. त्यात उजेड ठरवून वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून टाकतात, तो याच कारणानं. मात्र प्रतिमा उंचीवर पांघरून त्रिमितीय दृश्य करणार असाल तेव्हा दिव्याची दिशा आग्नेयच ठेवा. प्रतिमेतल्या सावल्या पुसता येत नाहीत. दिवा दुसरीकडून लावला की दृश्यात दोन सूर्य होतात आणि सगळं खोटं वाटायला लागतं.

मे महिन्यातली प्रतिमा घेतली तर सूर्य चांगला वर असतो, सावल्या आखूड पडतात आणि हा घोटाळा बराच कमी होतो. पण तेव्हा अजिंठ्याचे डोंगर तपकिरी आणि खालची रानंही तपकिरी, काहीच वेगळं ओळखू येत नाही. जून ते सप्टेंबर ढग. माझी पसंती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याला आहे: आभाळ मोकळं, डोंगरावर हिरवा रंग टिकून आणि सावल्या अजून डिसेंबरइतक्या लांब नाहीत. नालाच्या आकाराचा तो सुमारे ७५ मीटरचा कडा आणि त्यात ओळीनं कोरलेल्या लेण्या अशा प्रतिमेवर फार छान उमगतात. नदीनं वळण कोरलं आणि माणसानं त्याच वळणाच्या भिंतीत लेणी कोरली, हे मुलांना बोटानं दाखवता येतं.

मी रेल्वेत नोकरी केली. आमच्या स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नातवानं इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून उतरवलेल्या उंचीच्या फाईलमध्ये तीच जागा साठ-सत्तर मीटर खाली दिसते. खरं कोण?
– एक वाचक, परभणी

काका, दोघंही खरे. मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. इस्रोनं ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक पुढे २६ अंश कललेला आणि एक मागे ५ अंश. एकाच जागेच्या दोन कोनांतल्या प्रतिमांवरून उंची काढली गेली, आणि तीच फाईल ‘भुवन’वर मिळते. तिच्यातली उंची पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली आहे. पाटीवरची उंची खऱ्या समुद्रपातळीवरून. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यानं खरी समुद्रपातळी त्या गणिती आकाराच्या वर-खाली असते. भारताखाली ती बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर सुमारे १०६ मीटर खाली, जगात सगळ्यात जास्त. मराठवाड्यात हा फरक नातवाला दिसला तेवढाच येतो.

वर्गातल्या नमुन्याला यानं काही बिघडत नाही, कारण सगळा परिसर सारखाच खाली सरकलेला असतो. पण समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची असेल तर तेवढे मीटर मिळवावे लागतात. नासाची एसआरटीएम किंवा युरोपची कोपर्निकस फाईल घेतली तर ही बेरीज करावी लागत नाही. एसआरटीएमची कथा नातवाला जरूर सांगा: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ६० मीटर लांब दांडा बाहेर काढून, त्याच्या दोन टोकांच्या रडारनी ११ दिवसांत जगाची सुमारे ८० टक्के जमीन मोजली.

तुमच्या पत्रातून मला एक चांगली कल्पना मिळाली. परभणी, पूर्णा, परळी, जालना अशा स्टेशनांच्या पाट्यांवरचे आकडे मुलांनी गोळा करावेत आणि फाईलमधल्या उंचीशी ताडून पाहावेत. कार्टोसॅटच्या फाईलची उभी अचूकता ८ मीटर सांगितलेली आहे. गोदाकाठच्या सपाट रानात ८ मीटर ही मोठी चूक असते, म्हणून तिथे पाण्याचा बारीक उतार या फाईलवरून ठरवू नये.

दौलताबादच्या किल्ल्याचं त्रिमितीय चित्र केलं, पण तो तासलेला उभा कडा येतच नाही. गोल टेकडी दिसते. काय करू?
– इतिहासाची शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

या फुकट फायलींत ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते. यादवांच्या काळात तासलेला कडा सुमारे ५० मीटर उभा आहे. एका चौकोनापासून शेजारच्या चौकोनापर्यंत ५० मीटरचा फरक पडला तरी उतार जेमतेम ५९ अंश निघतो. ९० अंशांचा कडा त्यात मावतच नाही आणि खंदक तर पूर्ण बुजतो. ज्या कड्यामुळे देवगिरी देवगिरी झाला, नेमका तोच हरवतो. म्हणून निव्वळ उपग्रहाच्या फाईलवरून केलेला दौलताबाद मुलांना दाखवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आजूबाजूच्या डोंगररांगा आणि वेरूळकडचा भाग फाईलवरून घ्या, टेकडी मात्र हातानं करा. १:५,००० प्रमाण धरलं तर २०० मीटरची टेकडी ४ सेंटिमीटर होते, उंची वाढवायची गरज पडत नाही. शाडूची माती घ्या, कडा सुरीनं १ सेंटिमीटर सरळ उभा कापा आणि पायथ्याशी खंदक खणा. मग मुलांना विचारा, बाहुली वर कशी चढवाल? किल्ल्यावर जाणारा अंधारीचा, म्हणजे खडकातून कोरलेला काळोखा, रस्ता का केला हे ती स्वतः सांगतील. शेजारच्या डोंगरांच्या सपाट माथ्यांकडेही लक्ष वेधा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. पाण्यानं मधला भाग वाहून नेला आणि ही टेकडी उरली.

असे नकाशे बनवायला सरकारी परवानगी लागते का? – एक वाचक, धाराशिव

१५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक सूचनांनंतर शाळेच्या अशा कामाला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. देशाची सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवा.

शाळेत फक्त माझा मोबाईल आहे. – शिक्षक, ता. भूम

गुगल अर्थ उघडा, दोन बोटं एकदम वर सरकवा, दृश्य आडवं होतं. एका वेळी चार मुलं, बाकीच्यांना तोवर पुठ्ठ्याचं काम. सपाट भागात फोनवर काही दिसणार नाही, थेट रामलिंगच्या घाटात किंवा नळदुर्गच्या बोरी नदीवर जा.

आमचं मूळ गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, गेलं. वडील अजून त्याचं नाव घेतात. धरणाआधीची जमीन त्रिमितीय करून त्यांना दाखवता येईल का?
– एक वाचक, ता. गंगापूर

येईल, पण उपग्रहाच्या उंचीवरून नाही. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं; उंची मोजणारे हे सगळे उपग्रह त्यानंतरचे. रडार पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतं, त्यामुळे फाईलमध्ये तिथे एक सपाट पाट दिसतो.

जुन्या नकाशाकडे वळा. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं भारताच्या १:२,५०,००० प्रमाणाच्या शीट्स छापल्या होत्या. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या मोफत बघता येतात. त्यावर गोदावरी तिच्या मूळ पात्रात आहे आणि काठची गावंही. क्यूजीआयएसमध्ये हा नकाशा आजच्या प्रतिमेवर बसवायला किमान चार अशा जागा लागतात ज्या तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. पैठण गाव, टोक्याजवळचा प्रवरासंगम, न बदललेले टेकडीमाथे, रेल्वेमार्ग यांतून निवडा. या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, तेव्हा गावाची जागा शे-दोनशे मीटर इकडेतिकडे होणारच. उंचीसाठी या नकाशावरच्या समोच्च रेषा फार विरळ आहेत, त्यावरून नदीकाठचा उठाव उभा राहणार नाही. मी पाण्याबाहेरची जमीन उपग्रहाच्या फाईलवरून घेईन, काठावरचा उतार आत तसाच नदीपात्रापर्यंत उतरवत नेईन आणि तो भाग वेगळ्या रंगात ठेवून तिथे ‘अंदाजे’ असं लिहीन.

धरण भरलं की १५२२ फुटांची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो. ती पातळी म्हणजे साधारण ४६४ मीटर. त्या उंचीवर निळा पडदा टाकून तो वर-खाली सरकवता आला तर वडिलांना पाणी कुठपर्यंत आलं ते दिसेल. शेजारी मे २०१६ ची आणि २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची अशा दोन सेंटिनेल-२ प्रतिमा ठेवा. पहिल्या वेळी धरण मृतसाठ्यात होतं, दुसऱ्या वेळी भरलेलं. काठ इतका सपाट आहे की पातळी थोडी उतरली तरी पाणी कितीतरी मागे जातं, आणि लोक गाळपेर करतात ते रान उघडं पडतं.

गावांची नावं त्या नकाशावर इंग्रजी लिपीत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ओळखू न येण्याइतकी बदललेली. नकाशा मोठा छापून वडिलांपुढे आणि त्यांच्या वयाच्या आणखी दोघा-तिघांपुढे ठेवा. गावाचं, वस्तीचं, ओढ्याचं, उताराचं नाव ते म्हणतील तसंच देवनागरीत लिहून घ्या आणि कोणतं नाव कुणी सांगितलं तेही शेजारी नोंदवा.